जुनी पुस्तकं : नामपत्र गेलेल्या पुस्तकाचं साल कसं शोधायचं? आणि तुमची शिकार कुठे चालते?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे परवा पाकशास्त्राचं एक जुनं पुस्तक मिळालं. वजनावर घेतलं. पुढचं कव्हर नाही, नामपत्र (नाव, लेखक, प्रकाशक छापलेलं पान) नाही, सुरुवातीची पानं गायब. पान १७ वर एकदम मसालेभात सुरू होतो. लेखिका कोण, छापलं कुणी, किती सालचं, कशाचा पत्ता नाही.

पण घरी आणून वाचायला बसले आणि संध्याकाळ कुठे गेली कळलं नाही. 'चूल मंदावल्यावर पातेलें वैलावर सारावें' अशी वाक्यं. आजारी माणसाचं पथ्य, बाळंतिणीचं खाणं, पन्नास पानांच्या पंगतीचा शिधा. त्यात आधीच्या मालकिणीनं समासात पेन्सिलीनं लिहिलंय : 'गूळ निम्मा पुरे', 'हें दोनदां केलें, बिघडलें नाहीं', आणि एका लाडवाच्या कृतीपाशी नुसतं 'माईंची पद्धत बरी'. म्हणजे छापील बाईंशी या बाई वाद घालतायत!

नवी आवृत्ती मिळते ना, मग ही कळकट प्रत कशाला, असं मला घरी नेहमी विचारतात. मला वाटतं, जुन्या प्रतीत मजकुराच्या भोवती जे असतं तेही वाचायचंच असतं : किंमत, जाहिराती, प्रकाशकाची यादी, शिक्के, कुणाच्या तरी खुणा. नव्या आवृत्तीत यातलं काहीच येत नाही. मी पुस्तकं जमवते ती या सगळ्यासकट वाचण्यासाठी.

तर दोन प्रश्न. साल कसं शोधायचं? आणि तुम्ही जुनी पुस्तकं कुठे शोधता, कसली शोधता?

बाइंडर

पान १७ पासून सुरू म्हणजे सोळा पानांचा पहिला फर्मा (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला जुडगा) अख्खा निसटलाय. दोरा कुजला की असंच होतं. मागचं कव्हर शाबूत आहे का? किंमत कशी छापली आहे? आणि पान १७, ३३, ४९ यांच्या तळाशी बारीक टायपात काही आहे का बघा. बाकीचं त्यावर सांगतो.

मु_पो_वाई

शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' बघा. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं विषयवार नोंदली आहेत. पाकशास्त्राचा वेगळा विभाग आहे. एकट्या माणसानं गावोगावची ग्रंथालयं धुंडाळून हे केलं. नुसती चाळायलाही ती सूची फार आवडते मला. कशाकशावर मराठीत पुस्तकं निघाली होती ते बघून थक्क व्हायला होतं.

शिळाप्रेस

सूचीचा दुसरा खंडही आहे, तो १९३८ ते १९५० चा. निशिगंधाताईंचं पुस्तक त्यानंतरचं निघालं तर दाते उपयोगी पडणार नाहीत. आधी काळ ठरवू.

मूळ मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आपल्या ग्रंथालयांनी फार प्रेमानं एक नुकसान करून ठेवलंय. नवं पुस्तक आलं की पहिलं काम म्हणजे ते पक्क्या बांधणीला देणं. बांधणीत रंगीत वेष्टन गेलं, मागच्या जाहिराती गेल्या, समास कापले गेले. पुस्तक चाळीस वर्षं जास्त टिकलं हे खरं, पण दीनानाथ दलालांची कितीतरी मुखपृष्ठं अशी गेली. चित्रकार म्हणून त्यांची ओळख घरोघरी पोचली ती या मुखपृष्ठांमुळे आणि 'दीपावली'च्या अंकांमुळे, आणि आज एखाद्या पुस्तकाचं मूळ वेष्टन बघायचं तर ग्रंथालयात नाही, कुणाच्या तरी माळ्यावर सापडतं.

माझी स्वतःची ओढ शिळाछापाकडे. गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातलं काहीही हातात आलं की मी कामातून जातो. अक्षर हातानं लिहून दगडावर उतरवलेलं, त्यामुळे छापील असून हस्तलिखितासारखं दिसतं. त्यांनी १८४१ मध्ये छापील पंचांग काढलं. सोवळं पाळणाऱ्यांसाठी शाईत चरबीऐवजी तूप घातलं जायचं, ही हकीकत तर प्रसिद्धच आहे. विकत घेण्याची ऐपत नाही, पण बघायला मिळतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे १८६७ पर्यंतच्या छापील पुस्तकांचा, म्हणजे दोलामुद्रितांचा, मोठा साठा आहे आणि त्यातलं बरंच राज्य मराठी विकास संस्थेनं स्कॅन करून जालावर ठेवलं आहे.

डोंबिवली_फास्ट

आमची शिकार वेगळ्या जंगलात. मला बाबूराव अर्नाळकर पाहिजेत! झुंजार, धनंजय, काळा पहाड हे त्यांचे नायक. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, आणि आज धड स्थितीतल्या प्रती शोधायला गेलात तर दमछाक होते. कारण सोपं आहे. त्या कुणी जपण्यासाठी घेतल्याच नव्हत्या. गिरगावात, लालबागेत, परळला छोटी वाचनालयं होती, रोजच्या भाड्यानं पुस्तक द्यायची. गिरणीतून सुटलेला माणूस संध्याकाळी न्यायचा, सकाळी परत आणायचा. पुस्तक वाचून वाचून संपायचं, अक्षरशः.

फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ आता पूर्वीसारखा राहिला नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ अजून ढीग असतात, पण त्यात मराठी कमी. मला सगळ्यात जास्त मिळालं ते जुन्या चाळी पाडताना. पुनर्विकास सुरू झाला की माळे रिकामे होतात. चार दिवस त्या भागातल्या रद्दीवाल्यांकडे चक्कर मारायची.

ओवी

मी थोडी विरोधात बोलते. मला वाचायला आवडतं, जमवायला नाही. दोन खोल्यांच्या घरात पुस्तकं कुठे ठेवायची? केतकरांचा ज्ञानकोश तेवीस खंडांचा, तो पूर्ण जालावर आहे. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. धुळीची ॲलर्जी असलेल्या माझ्यासारखीला तर स्कॅन हे वरदान आहे. जुनं पुस्तक जपणं हे ग्रंथालयाचं काम, माझं काम वाचणं.

डोंबिवली_फास्ट

ओवीताई, ज्ञानकोश फोनवर उघडलात तर जो शब्द शोधाल तोच सापडेल. खंड हातात असला की 'इंदूर' शोधताना 'इंद्रजाल' वाचण्यात दुपार जाते :)

ओवी

तेवढी दुपार असेल तर खंडच घ्यावा, मान्य :)

निशिगंधा

सगळ्यांचे आभार. बाइंडरदादा, मागचं कव्हर अर्धं आहे. खाली डाव्या कोपऱ्यात 'किं. २ रु. ५० न. पै.' असं छापलंय. त्याच्या वर हिंगाची जाहिरात, पत्ता 'पुणें २' एवढाच. पान ३३ च्या तळाशी बारीक अक्षरात 'सं. पा. – ३' आहे, पान १७ चा खालचा कोपरा फाटलाय. ४९ ला 'सं. पा. – ४'.

बाइंडर

वा! यात जवळजवळ सगळं आलं.

एक. न. पै. म्हणजे नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तेव्हा जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून 'नवे' म्हणायचे. जून १९६४ पासून 'नवे' गेलं, नुसता पैसा राहिला. म्हणून तुमची प्रत या सात वर्षांतली. किंमत आण्यांत असती तर त्याआधीची धरली असती. एक पथ्य मात्र पाळायचं : प्रकाशक कधीकधी जुन्या किमतीवर नवी किंमत चिकटवतात किंवा शिक्का मारतात. तुमची छापलेली आहे म्हणता, तेव्हा काळजी नाही.

दोन. 'पुणें २'. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. त्याआधी मोठ्या शहरांना असे विभागांचे आकडे होते. तेच पुढे पिनकोडच्या शेवटी बसवले. पुणे २ चं ४११ ००२, मुंबई २८ चं ४०० ०२८. साल नसलेल्या पुस्तकात मी पहिल्यांदा पत्ताच बघतो.

तीन. तळाचा आकडा म्हणजे फर्म्याचा क्रमांक. बांधणी करणाऱ्यानं फर्मे उलटसुलट लावू नयेत म्हणून छापखान्यात घालायचे, आणि एकाच वेळी चार पुस्तकांचे फर्मे टेबलावर असतात म्हणून पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरंही द्यायचे. तुमच्या पुस्तकाच्या नावात सं आणि पा आहे. पा म्हणजे पाकशास्त्र असणार.

मु_पो_वाई

'सं' म्हणजे संपूर्ण? संक्षिप्त?

डोंबिवली_फास्ट

संसारोपयोगी!

शिळाप्रेस

बाइंडरदादांच्या यादीत भर. शुद्धलेखनही साल सांगतं, पण जपून. निशिगंधाताईंनी दिलेल्या वाक्यांत 'सारावें', 'नाहीं' असे अनुस्वार आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले, आणखी चार १९७२ मध्ये. त्यानंतर हे अनुस्वार छपाईतून ओसरत गेले. एका रात्रीत मात्र गेले नाहीत. जुन्या वळणाचे लेखक आणि छापखान्यात खिळे (टाइप) जुळवणारे पुढेही ते देत राहिले. त्यामुळे अनुस्वार दिसले की 'बहुधा जुनं' एवढंच म्हणायचं.

दुसरी खूण म्हणजे अि, अी, अु, अे अशी अक्षरं. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ही पद्धत किर्लोस्करांच्या मासिकांनी उचलली होती. तसं काही दिसलं तर छापखान्याचा आणि काळाचा अंदाज बांधता येतो. आणि नुसतं शके दिलं असेल तर ७८ मिळवायचे, पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखेला बहुधा ७९.

बडोदेकर_मी

मस्त धागा, आता राहवत नाही म्हणून लिहितो.

निशिगंधाताई शिक्के म्हणाल्या त्यावर. माझ्याकडे आजोबांच्या संग्रहातली काही पुस्तकं आहेत, बडोदे संस्थानातल्या गावोगावच्या वाचनालयांचे शिक्के असलेली. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना १९१० मध्ये बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवायचे. पेटी गावात आली की शाळामास्तर उघडायचे, वाचून झाली की पुढच्या गावाला.

तो इतिहास मी पुस्तकांतून वाचला होता. पण एका चरित्रग्रंथावर एकाखाली एक असे वेगवेगळ्या खेड्यांचे शिक्के आणि कोपऱ्यात वाचकाची टाचणी, 'दिवा मंद असल्यामुळें हें प्रकरण उद्यां वाचीन', हे बघितलं तेव्हा ती योजना चालत होती म्हणजे काय होत होतं ते उमगलं. गुजरातेतल्या एका खेड्यात कुणीतरी मराठी चरित्र दिव्याखाली वाचत होतं.

सह्यकडा

वाचनालयाचे शिक्के असलेली पुस्तकं विकत घ्यावीत का, यावर बोलूया? मला अस्वस्थ व्हायला होतं. ती चोरीचीही असू शकतात.

बडोदेकर_मी

माझी घरातलीच आहेत, संस्थान विलीन झाल्यावर बंद पडलेल्या वाचनालयांतून आलेली. पण तुमचा प्रश्न रास्त आहे.

मु_पो_वाई

'बाद' असा शिक्का किंवा दाखल क्रमांकावर रेघ असेल तर ग्रंथालयानं नोंद काढून विकलेलं. तसं काही नसेल आणि पुस्तक मौल्यवान असेल तर ज्याचा शिक्का आहे त्या ग्रंथालयाला आधी फोन करायचा. मी एकदा असा फोन केला, त्यांनी पुस्तक परत मागितलं, मी नेऊन दिलं. ग्रंथपालबाईंनी चहा पाजला आणि बाद झालेल्या पुस्तकांची खोली उघडून दिली. तिथून पोतंभर आणलं!

सह्यकडा

हे आवडलं. पण मला दुसरीही बाजू दिसते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात बाद करताना निकष एकच होता : किती वर्षांत कुणी नेलं नाही. त्यात गावच्याच एका शिक्षकानं लिहिलेला परिसराचा इतिहास रद्दीत गेला. त्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीचा मला अजून पत्ता नाही. कुणी नेत नाही म्हणून ते निरुपयोगी होतं असं नाही. उलट ते दुसरीकडे कुठेच नव्हतं म्हणून ठेवायला हवं होतं.

शिळाप्रेस

अगदी. गाजलेल्या कादंबरीची प्रत गेली तर दुसरी मिळेल. गावचा इतिहास, ज्ञातीच्या संमेलनाचा अहवाल, शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, नाटक मंडळींची पदावली, शेतकी खात्याची पत्रकं, ही खरी दुर्मिळ. पाकशास्त्रही त्यातलंच. स्वयंपाकघरात वापरलं जातं, तेलकट होतं, फेकलं जातं. म्हणून निशिगंधाताईंचा हा फाटका तुकडा मला एखाद्या सहीच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा मोलाचा वाटतो.

ओवी

हे पटलं. पण मग माझा मुद्दा आणखी बळकट होतो. एकच प्रत उरली असेल तर ती एका घरात, एका पावसाळ्यावर अवलंबून का ठेवायची? स्कॅन करा आणि सगळ्यांना द्या.

शिळाप्रेस

करावंच. मात्र करताना कव्हर, जाहिराती, कोरी पानं, समासातल्या नोंदी, सगळं घ्यावं. मी जालावर कितीतरी स्कॅन बघतो ज्यात मजकुराचा चौकोन तेवढा ठेवून बाकी कापलेलं असतं. मग त्या पुस्तकाचं साल आपण इथं ज्या खुणांनी काढतोय त्यातली एकही उरत नाही.

आणि हक्कांचं भान ठेवायचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. आधी पन्नास होती, १९९२ मध्ये साठ झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. साल छापलेलं असलं तरी लेखक केव्हा गेला हे बघावं लागतं. स्वतःपुरतं जपायला स्कॅन करणं वेगळं, जालावर चढवणं वेगळं.

डोंबिवली_फास्ट

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, कसर (कागद खाणारी कीड) कशी आवरायची? डांबराच्या गोळ्यांनी माझं डोकं दुखतं.

मु_पो_वाई

आमच्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला असतो. दसऱ्याच्या सुमारास सगळी कपाटं रिकामी करून पुस्तकं वाऱ्याला ठेवायची. उन्हात नाही, सावलीत. उन्हानं कागद आणखी पिवळा पडतो.

बाइंडर

वेखंड चांगलं, पण लागलेली कसर त्यानं मरत नाही. त्यासाठी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजमध्ये ठेवायचं, उणे अठराच्या खाली, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर कागदावर दव धरतं. ओल असलेलं पुस्तक आधी वाळवून घ्या.

आणि सर्वांना हात जोडून विनंती : फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी टेप गळून पडते, तिचा चिकट पिवळा डाग कायम राहतो, तो निघत नाही. मैद्याची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद वापरा. आमच्याकडे खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे, किडा लागत नाही. पण ते विषारी, हात धुवायचे, लहान मुलांपासून लांब ठेवायचं. दुर्मिळ कागदाला मी मोरचूदही लावत नाही, नुसती ताजी खळ.

लोकांना वाटतं जितकं जुनं तितकं नाजूक. तसं नसतं. चिंध्यांपासून केलेल्या कागदावरचं १८५० च्या आसपासचं पुस्तक माझ्या हातात घडी घालण्याइतकं मऊ आणि मजबूत येतं. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल असतं, तो आतून जळत जातो. सगळ्यात वाईट अवस्था दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पुस्तकांची. कागदावर नियंत्रण होतं, मिळेल त्यावर छापायचे. पान उलटलं की तुकडा हातात येतो. तुमच्याकडे १९४२ ते ४६ मधलं काही असेल तर ते आधी स्कॅन करा.

निशिगंधा

हे सगळं वाचून मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून (म्हणजे सतरापासून!) ओळीनं वाचायला घेतलं, आणि दोन गोष्टी सापडल्या.

पंगतीच्या शिध्यात मापं शेर, छटाक, तोळ्यात आहेत. पण पुस्तकाच्या शेवटी एक कोष्टक आहे, 'नव्या वजनांत रूपांतर'. तोळ्याचे ग्रॅम, शेराचे ग्रॅम. वर लेखिकेनं भगिनींना सांगितलंय की सवय होईपर्यंत हा कागद डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवावा.

आणि अगदी शेवटच्या पानावर शुद्धिपत्र. त्याखाली प्रकाशकाच्या दोन ओळी : 'पुराचे पाण्यांत तयार फर्मे भिजल्यानें ते पुन्हां छापावे लागले. ग्राहकभगिनींनीं विलंबाची क्षमा करावी.'

मी कितीतरी वेळा हे पान उलटलं असेन, पण शुद्धिपत्र कोण वाचतं!

शिळाप्रेस

पुणें २ आणि पूर. पानशेत धरण फुटलं तो पूर, १२ जुलै १९६१!

वजनांचंही जुळतं. दशमान वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पुस्तक १९६१ च्या उत्तरार्धातलं किंवा १९६२ चं. नवे पैसे असल्यामुळे मे १९६४ च्या पुढे जायचा प्रश्न नाही.

बाइंडर

माझे वडील सांगायचे, पुरानंतर नदीकाठच्या पेठांतल्या छापखान्यांतून खिळ्यांचे केस चिखलानं भरलेले बाहेर काढले होते, आणि जुळारी रस्त्यावर बसून एकेक खिळा धूत होते. तुमच्या पुस्तकाचे फर्मे त्यात भिजले असतील. ताई, ते शुद्धिपत्राचं पान सुटू देऊ नका. पुस्तक माझ्याकडे पाठवलंत तर बांधून देतो, समास न कापता. पैसे नकोत, वाचायला मात्र आधी मी घेणार.

सह्यकडा

आमच्या आत्याचं अख्खं कपाट पानशेतात गेलं. ती अजून कुठलंही जुनं पुस्तक दिसलं की आधी पाण्याची रेघ आहे का बघते.

सॅन_होजेकर

उशिरा आलो, पण मला वाटतं मी मदत करू शकतो.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत जुनी मराठी पुस्तकं इतकी कशी, याचं मला नवल वाटायचं. कारण पीएल ४८०. ज्या अमेरिकी कायद्याखाली आपल्याकडे तिकडचा गहू आणि मिलो ज्वारी आली, त्याचे पैसे भारत रुपयांत द्यायचा. ते रुपये भारतातच खर्च करायचे होते, म्हणून त्यातून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं भारतात छापलेली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. कथा, कविता, शेती, ज्योतिष, सगळं. एकेका पुस्तकाच्या प्रती अनेक विद्यापीठांत गेल्या. रेशनच्या रांगेत लाल गहू घेणाऱ्यांच्या काळातली पुस्तकं इथं वातानुकूलित तळघरात व्यवस्थित आहेत.

तुमचं पुस्तक १९६२ मध्ये दुकानात आलं असेल तर इथं असण्याची चांगली शक्यता आहे. सूचीत रोमन लिपीत शोधावं लागतं, ते मी करतो. 'सं' आणि 'पा'नं सुरू होणारी, पुण्यात छापलेली पाकशास्त्रं काढून बघतो. पान १७ आणि पान ३३ चे फोटो टाकाल का? मजकूर जुळवून खात्री करता येईल. जुळलं तर पहिल्या सोळा पानांचा स्कॅन मागवून देतो.

ओवी

बघा, स्कॅनच कामाला आला ना शेवटी :)

मु_पो_वाई

त्याच्याबरोबर आपल्याकडेही बघू. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावी लागते. सगळे देत नाहीत ही गोष्ट वेगळी. टाउन हॉलला कुणी जाणार आहे का?

डोंबिवली_फास्ट

मी जातो. ऑफिस फोर्टमध्येच आहे. येताना फाउंटनवरून चक्कर होईलच.

निशिगंधा

फोटो टाकते आज रात्री. बाइंडरदादा, पुस्तक कुरियरनं पाठवत नाही, पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय तेव्हा स्वतः घेऊन येईन. पेन्सिलीच्या नोंदी मी एका वहीत उतरवून ठेवल्या आहेत. त्यातल्या 'माईंच्या पद्धती'चे लाडू करून बघितले. छापील कृतीत पाक एकतारी आहे, माईंचा दोनतारी. माईंची पद्धत खरंच बरी आहे.

सह्यकडा

लाडवांची कृती इथं द्या, दोन्ही.

बडोदेकर_मी

जाता जाता : ज्ञानकोशाचा बारावा खंड कुणाकडे जास्तीचा आहे का? माझ्याकडे सहाव्या खंडाच्या दोन प्रती आहेत, अदलाबदल करता येईल.

मु_पो_वाई

बारावा आहे, पाठीचं कातडं गेलेलं. निरोप पाठवतो.